परभणीचे जादूगार आणि सुमनबाईंची बांगडी

परभणीहून परत आल्याला आता दोन महिने होत आले. आमच्या सांगलीच्या जादूगार मंडळात दर बैठकीला कुणी ना कुणी विचारतंच, "काय मग, मराठवाड्यातून काय शिकून आलात?" मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेतो. एकदाचं लिहून टाकावं, म्हणजे तोंडाने सांगायला नको, म्हणून बसलो आहे. यात मजेचा भाग आहे, पण तो थोडा आहे आणि लवकर संपतो.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. तीस वर्षं बारशी, वाढदिवस, स्नेहसंमेलनं यांतून जादूचे प्रयोग करत आलो. परभणीचे भीमराव वाघमारे सर निवृत्त विज्ञान शिक्षक. आमची ओळख एका शिबिरात झाली. दर थंडीत त्यांचा फोन ठरलेला. "या की एकदा. आमचं मंडळ बघा. लहान हाय, पण तिखट हाय." यंदा जानेवारीत गेलो. रेल्वेच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. पाठ दुखली, एवढंच.

रविवार, परभणी

मंडळाची बैठक महालिंग आप्पांच्या भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत भरते. आप्पा म्हणजे कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, वजन शंभराच्या घरात आणि बोटं अशी की खिसेकापूंनी शिकवणी लावावी. माडीत एका बाजूला पितळी घागरींची उतरंड, दुसऱ्या बाजूला सतरंजी. सतरंजीवर अकरा माणसं बसली होती. दोन शिक्षक, एक एसटी कंडक्टर, एक तलाठी कार्यालयातले कारकून, बाकीचे शेती नाहीतर दुकान करणारे.

आधी नाश्ता आला. त्याला इथे सुशीला म्हणतात. चुरमुरे भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे. आमच्या सांगलीत चुरमुरा ओला झाला की तो फुकट गेला असं समजतात. भडंग कुरकुरीत नसेल तर माणूस दुकानदाराशी भांडतो. पण दोन घास खाल्ले आणि गप्प बसून तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

मग बैठक सुरू झाली. यांची रीत अशी की एकाने मधे उभं राहून प्रयोग करायचा आणि बाकीच्यांनी चारही बाजूंनी बसायचं, अगदी पाठीमागच्या खिडकीतसुद्धा. खेड्यात प्रेक्षक भिंतीवर आणि झाडावर बसतात, तेव्हा पाठ झाकून चालत नाही, हे त्यामागचं कारण. ज्याला युक्ती दिसेल त्याने तिथल्या तिथे "दिसलं!" म्हणून ओरडायचं. आमच्या मंडळात असलं काही चालत नाही. आम्ही टाळ्या वाजवतो आणि जिना उतरताना एकमेकांची उणीदुणी काढतो.

मला पाहुणा म्हणून पहिला मान मिळाला. नाणं गायब केलं. "दिसलं!" आप्पा. दोरी कापून जोडली. "दिसलं!" पुन्हा आप्पाच. तिसरा प्रयोग चेंडूंचा. या वेळी खिडकीतल्या कंडक्टरने आवाज दिला. तीस वर्षांत असा कधी उघडा पडलो नव्हतो. कान लाल झाले.

"पाव्हणे, राग मानू नका," आप्पा म्हणाले, "तुमी सोताच हाताकडं बघायलाव, म्हनून लोक बी हाताकडं बघायलेत. माझं बघा, गिऱ्हाईक आलं की मी तराजूच्या काट्याकडं बघतच न्हाई. लेकरंबाळं कशी हायत, ते इचारतो."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात काटा राहिला. इथे एकदा तरी यांना चकवल्याशिवाय जायचं नाही, असं मी त्याच वेळी ठरवलं. पुढचं सगळं त्या ठरवण्यातून झालं आहे, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

दाराच्या मागच्या बाजूला खडूने एक यादी लिहिलेली होती. लिंबू, अंगारा, कुंकू, बाहुली, कवटी, पत्ते. वाघमारे सर म्हणाले, या वस्तू आम्ही खेड्यात वापरत नाही. पत्ते काढले की जुगार म्हणून बायका उठून जातात. लिंबू काढलं की भानामती आली. "आन् सगळ्यात मोठा नियम वेगळाच हाय," सर म्हणाले. "प्रयोग झाला की तिथंच खुलासा करायचा. युक्ती दाखवल्याशिवाय गाव सोडायचं नाही."

हे ऐकून मी उडालोच. आमच्याकडे मंडळात शिरताना शपथ घ्यावी लागते की युक्ती बायकोलाही सांगणार नाही. मी म्हणालो, "मग जादूत राहिलं काय?"

सर शांतपणे म्हणाले, "माझ्या आज्यानं छप्पन्न साली धर्म बदलला, तवा घरातले देव पोत्यात घालून गंगेत सोडले. गंगा म्हंजी आमची गोदावरी. आता त्या रिकाम्या कोनाड्यात मी जादूगार कशाला बसवू?"

मी मान डोलावली. पण मला ते पटलं नव्हतं.

सोमवार, सोनपेठकडचं एक गाव

सोमवारी मंडळाचा प्रयोग सोनपेठ तालुक्यातल्या एका गावी होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. आप्पांच्या जीपमधून गेलो. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापाशी चहा झाला. वाघमारे सर जीपमध्येच पेपर वाचत बसले, आप्पा मात्र उतरून हात जोडून आले. या दोघांची पंचवीस वर्षांची दोस्ती आहे आणि देव या विषयावर पंचवीस वर्षांचं भांडण.

सोनपेठला मी कासाराच्या दुकानात शिरलो आणि साध्या हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या, तीन मापांच्या. बांगडीचा प्रयोग ही माझी खासियत. प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईची बांगडी मागून घ्यायची, रुमालात गुंडाळून हातोडीने फोडायची, आवाज सगळ्यांना ऐकवायचा आणि रुमाल झटकून बांगडी सबंध परत द्यायची. खरं म्हणजे बाईची बांगडी फुटलेलीच असते. तुकडे रुमालाच्या दुहेरी अस्तरात राहतात आणि परत जाते ती माझी, तशीच दिसणारी दुसरी. मनगट बघून माप ओळखता आलं पाहिजे. चित्रकलेचा मला तेवढाच उपयोग झाला. दारामागच्या यादीत बांगडी नव्हती. आजवर ती कुणाला सुचलीच नसावी.

शाळेच्या मैदानात कडुलिंबाखाली दुपारी प्रयोग झाला. गाव लोटलं होतं. मंडळाचा एकेकजण प्रयोग करी, लोक तोंडात बोट घालत, मग तो युक्ती उघडी करी आणि लोक आधीपेक्षा दुप्पट हसत. म्हातारी माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती. हे बघून मला खरं म्हणजे शहाणपण यायला हवं होतं.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "कुणा माउलीची एक बांगडी मिळेल का?"

सांगलीत मुली अशा वेळी हात पुढे करतात. इथे बायका एकदम गप्प झाल्या. दोघीतिघींनी हात पदराखाली घेतले. मी त्याला लाजणं समजलो. मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिशीपस्तिशीची असेल. तिच्या शेजारी खुर्चीवर भर दुपारी स्वेटर आणि मफलर घातलेला एक माणूस टेकून बसला होता. तिने हातातली एक हिरवी बांगडी काढली, मुठीत धरून क्षणभर डोळे मिटले आणि माझ्या हातावर ठेवली.

हातोडी मारली. करकन आवाज झाला. मग मी रुमाल झटकला, सबंध बांगडी उंच धरली आणि तिच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली. टाळ्या थांबेनात. आप्पा ओरडले नाहीत. त्यांना दिसलं नव्हतं.

वाघमारे सर माइकवर म्हणाले, "आता पाहुणे याचा खुलासा करतील."

मी हात जोडले. "ही माझ्या गुरूंची देणगी आहे. हिचा खुलासा होत नाही."

हे मी बोललो. कुणी माझ्या तोंडात शब्द घातले नाहीत. माइक हातात धरून सर माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मला उलट हात जोडले, तेही मला आवडलं.

परतीच्या वाटेवर पोखर्णी मागे पडल्यावर सर म्हणाले, "उद्या जाऊन सांगून येऊ या का?"

"जाऊ द्या हो सर," मी म्हणालो, "बांगडीच तर आहे."

बुधवार, जिंतूर

मंगळवार आरामात गेला. बुधवारी मंडळातल्या एकाच्या शेतावर हुरड्याला जिंतूरकडे गेलो. आमच्याकडे उसामुळे बांधापलीकडचं काही दिसत नाही. इथे काळी जमीन सरळ आभाळापर्यंत जाते. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, झाडांवर थोडी थोडी बोंडं उरली होती. सोयाबीन कधीच निघालं होतं. ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून गरम गरम चोळून देत होते, बरोबर दही आणि शेंगदाण्याची चटणी. आप्पा म्हणाले, "बनी तो बनी, नही तो परभनी. पाव्हणे, इथंच ऱ्हावा आता." मी पहिल्यांदाच मोकळेपणाने हसलो.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. सोमवारच्या गावातल्या शाळेतले गुरुजी बोलत होते. सर उठून बांधावर गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

बांगडी देणारी ती बाई म्हणजे सुमन. स्वेटर घातलेला तिचा नवरा बालाजी. गावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं; विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुमन त्याला परभणीला डायलिसिसला न्यायची, दोन वर्षांत एक खेप चुकवली नव्हती. काल मंगळवार होता. काल ते गेले नव्हते.

"का?" मी विचारलं.

"ती म्हणती, आता गरज न्हाई," सर म्हणाले. "तिनं बांगडी देताना मनात कौल लावला होता. बांगडी जुळली तर मालक वाचतो."

मी हुरडा तसाच टाकून उठलो.

जीप लगेच निघाली. वाटेत त्या दोन दोस्तांचं जे भांडण झालं ते मी मागच्या सीटवर बसून ऐकत होतो. आप्पा म्हणत होते, "सोपं हाय. पाव्हण्यांनी जाऊन सांगायचं, गुरूचा हुकूम झालाय, दवाखाना सोडायचा न्हाई. बाई आत्ता उठती अन् नेती. खरंखोटं मागून बघू."

"आप्पा, आपण ते करत नाही."

"मानूस मरायलाय, सर!"

"आज गुरूचा हुकूम झाला की उद्या गावात गुरू बसला. पुढच्या खेपेला तो औषध बंद करा म्हनला, तर?"

मग सर मागे वळून मला म्हणाले, "मी सांगत नाही. तुमी ठरवा." आणि पुढे बघत बसले.

मी खरं सांगायचं ठरवलं. फार मोठ्या विचाराने नाही. सोमवारी माइकपाशी सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, तसं त्यांनी पुन्हा पाहू नये, एवढंच मला हवं होतं.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ओसरीत जुन्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी. बालाजी खाटेवर उशांना टेकून बसला होता, आडवं झालं की दम लागत होता. पाय सुजून चकचकीत झाले होते. सुमनबाई धावत आल्या आणि मी मागे सरकायच्या आत त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. त्या बांगडीला त्यांनी पिवळा दोरा बांधला होता.

"महाराज, तुमीच आलाव! बगा, मालकानं सकाळी अर्धी भाकर खाल्ली."

"मी महाराज नाही, बाई," मी म्हणालो. "मी मास्तर आहे. ती नजरबंदी होती. मी तुम्हाला दाखवतो."

पिशवीतून तसाच दुसरा रुमाल काढला. उरलेल्यांतल्या दोन बांगड्या घेतल्या. अगदी सावकाश, शाळेत दाखवावं तसं एकेक पायरी दाखवली. ही तुमची, ही माझी, ही आत गेली, ही बाहेर आली. सुमनबाई उकिडव्या बसून लक्ष देऊन बघत होत्या. बाई हुशार होत्या. दुसऱ्यांदा दाखवायची गरज पडली नाही.

"मंजी ही माजी न्हवं," त्या हातातल्या बांगडीकडे बघत म्हणाल्या.

"नाही. ही मी सोनपेठला घेतली."

"मंग माजी कुठाय?"

आप्पा माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको म्हणून. पण मी तोवर सोमवारचा रुमाल बाहेर काढला होता. अस्तर उलटं केलं. चार तुकडे जमिनीवर पडले. सुमनबाईंनी ते फरशीवर एकाला एक लावून गोल करून पाहिले. मधे एक बारीकसा टवका कमी होता. तो त्यांनी रुमाल झटकून शोधला, सापडला नाही.

सर समजावत होते, "ताई, बांगडीचा आन् किडनीचा काही संबंध न्हाई. बांगडी काच हाय. बालाजीला आत्ताच्या आत्ता परभणीला नेऊ, आप्पांची जीप दारात हाय. उशीर झाला न्हाई अजून."

सुमनबाईंनी दोरा सोडला, बांगडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "ही तुमची."

मग सरांना म्हणाल्या, "कौल मी लावला व्हता, सर. ह्या मास्तरांनी न्हाई. बांगडी माजी व्हती, ती सोमवारीच फुटली. मी दोन दिस उगं खुशीत हिंडले." आवाजात राग नव्हता. "आता दवाखान्यात नेऊन काय करायचं?"

खाटेवरून बालाजी म्हणाला, "सुमन, मला दम लागायलाय गं."

तिने उठून त्याच्या पाठीमागची उशी नीट केली.

बालाजीला आम्हीच नेलं. आप्पांनी त्याला लहान मुलासारखा उचलून जीपमध्ये ठेवला. गुरुजी बरोबर आले. सुमनबाई दारापर्यंत आल्या, त्याच्या मफलरचं टोक आत खोचलं, त्याच्या खिशात गोळ्यांची पुडी ठेवली आणि आत निघून गेल्या. अख्ख्या वाटेत तो तीनदा म्हणाला, "ती मागून यायली असंल."

परत आल्यावर

बालाजी त्या दिवशी वाचला. माझ्या हातून निदान जीव गेला नाही, असं मी पहिले काही दिवस स्वतःला समजावत होतो.

सर दर आठवड्याला फोन करतात. दारामागच्या यादीत त्यांनी बांगडी लिहिली. बालाजीला आता मंगळवारी आणि शुक्रवारी गुरुजी किंवा त्याचा चुलतभाऊ नेतो. सुमनबाई त्याचं सगळं करतात, पथ्याचा स्वयंपाक, मोजून पाणी, वेळेवर गोळ्या. दवाखान्यात मात्र पाऊल ठेवत नाहीत. त्या बुधवारीच त्यांनी उरलेल्या बांगड्या उतरवून ठेवल्या. कुंकूही लावत नाहीत. गावातल्या बायका समजावून थकल्या. सासूने दोनदा नवा चुडा भरला, तो सकाळी फळीवर ठेवलेला सापडला. माणूस जिवंत आहे आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्याची बायको मोकळ्या हातांनी भाकरी थापते. नवऱ्याने हे रोज खाटेवरून बघायचं. याला कारण मी आहे. दुसरं कुणी नाही.

एकदा सर फोनवर म्हणाले, "आप्पाचं ऐकायला पाहिजे होतं का हो?" सर असं विचारतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, "न्हाई, न्हाई," आणि फोन ठेवला.

गेल्या महिन्यात बालाजीने सरांकडून माझा नंबर मिळवला. आवाज खोल गेला आहे, पण बोलतो नीट. म्हणाला, "सर, तुमच्यावर माजा राग न्हाई. एक काम करा. एकडाव या अन् तिच्यापुढं ती बांगडी जोडून दावा. तेच चार तुकडे. तिनं डब्यात ठिवलेत जपून. मी कुनाला काय सांगत न्हाई. तिच्या हातात बांगड्या बगून जायचंय मला."

"बघतो," मी म्हणालो.

ते तुकडे जुळणार नाहीत. आणि जी युक्ती माणसाला एकदा उघडी करून दाखवली, ती त्याच्यापुढे पुन्हा कधी चालत नाही. सुमनबाईंना तर मी स्वतः जमिनीवर बसून, सावकाश, एकेक पायरी शिकवली आहे. हे बालाजीला सांगायचं धाडस मला होत नाही. दर शुक्रवारी दवाखान्यातून सुटला की तो फोन करतो आणि विचारतो, "कवा यायलाव?" मी म्हणतो, तिकीट मिळालं की निघतो.